कटिंग अँटिबायोटिक : मुंबईतल्या मेडिकलच्या सेवेचं परीक्षण

संध्याकाळचे साडेसात. स्टेशनातून घराकडे निघालेली गर्दी आणि मेडिकलच्या काचेवर टेकलेली चार-पाच कोपरं. “दादा, घसा धरलाय, अंगात कणकण आहे. दोन दिवसांचं काहीतरी द्या. जरा पॉवरचं.” फळीवरून पट्टी खाली येते, कात्री चालते, चार गोळ्यांचा तुकडा पाकिटात पडतो, फोनवरून पैसे जातात. मिनिटभरही लागत नाही. मुंबईत इतक्या झटपट आणि इतकं अर्धं मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे कटिंग चहा. चहा अर्धा चालतो.

हे परीक्षण त्या एका मिनिटाचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. लालबाग असो, पार्ले असो की मुलुंड, पाटी बदलते, काउंटर तोच असतो. शिवाय ‘अँटिबायोटिक्सच्या अतिवापराने लिव्हरचा कॅन्सर वाढतो’ अशा मथळ्यांमुळे त्याच काउंटरवर आता नवी धास्ती येऊन उभी राहिली आहे. तिच्यात तथ्य किती, तेही पुढे पाहू. निकाल आधीच सांगून टाकतो: माल चांगला, वेग उत्तम, घोळ सगळा कात्रीचा आणि न विचारलेल्या प्रश्नांचा.

या सेवेची पद्धतशीर परीक्षा एकदा झालेली आहे. दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषधदुकानांत शिकवून तयार केलेले ‘रुग्ण’ पाठवले गेले, मिळून १२०० भेटी. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात आले. काही ‘रुग्ण’ फक्त सांगत की दोन-तीन आठवडे खोकला आहे, ताप येतो. काहींच्या हातात टीबी असल्याचा तपासणीचा रिपोर्ट होता. नुसती लक्षणं सांगणाऱ्यांना ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक मिळालं, रिपोर्ट दाखवणाऱ्यांना १६ टक्के वेळा. अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणं, म्हणजे जे व्हायला हवं ते, पहिल्या गटात १३ टक्के वेळा झालं आणि दुसऱ्यात ६२ टक्के. टीबीची खास औषधं मात्र एकाही दुकानाने दिली नाहीत.

आमच्या मते यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. काउंटरवरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं. कुठल्या औषधाला म्हणायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. टीबीच्या औषधांची त्याला भीती वाटते, अझिथ्रोमायसिनसारख्या रोजच्या अँटिबायोटिकची वाटत नाही. आणि हातात एक कागद असला की तोच माणूस एकदम शहाण्यासारखा वागतो.

आता फळीवरचा माल पाहू. खासगी बाजारातल्या २०१९ च्या विक्रीवरून झालेल्या अभ्यासात देशात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी होती, दुसऱ्या नंबरावर सेफिक्झिम २००. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वॉच’ गटातली, म्हणजे जपून वापरायची. अझिथ्रोमायसिन तीन किंवा पाच गोळ्यांच्या पट्टीत येतं, त्यामुळे कात्रीचीही गरज नाही. पट्टी म्हणजेच कोर्स असा समज आपोआप होतो. या औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला जवळपास ६८ तास लागतात. तीन दिवसांत गोळ्या संपतात, औषध संपत नाही. पुढचे कित्येक दिवस ते थोडं थोडं अंगात रेंगाळतं, जंतू मारायला अपुरं आणि जंतूंना सराव करून द्यायला पुरेसं. टायफॉइडमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधं आपल्याकडे फारशी चालेनाशी झाल्यापासून तोंडाने घ्यायच्या ज्या मोजक्या कामाच्या गोळ्या उरल्या त्यांतलं हे एक आहे, आणि ते आपण सर्दीवर उधळतो.

जुलाब झाले की ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात. लागतं ते ओआरएस, मुलांना सोबत झिंक. रक्त किंवा आव पडत असेल, ताप चढत असेल तर डॉक्टर. खोकल्यावर दिल्या जाणाऱ्या लेव्होफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा धोका आणखी वेगळा आहे. टीबीच्या जंतूवर ते थोडंफार चालतं, म्हणून खोकला आठवडाभर बरा वाटतो आणि निदान लांबतं. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, त्या शहरात खोकल्यावर लेव्होफ्लॉक्सॅसिन सुटं विकणं म्हणजे धाडसच म्हणायचं.

या परीक्षणाचा नायक मात्र ‘सहाशे पंचवीस’. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम अधिक क्लॅव्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम, बेरीज ६२५. दहा गोळ्यांची पट्टी, आपल्याकडे साधारणपणे दिवसाला दोन, म्हणजे पाच दिवस. दुसरा घटक स्वतः जंतू मारत नाही. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवून अमॉक्सिसिलिन मोडतात, त्या एन्झाइमला अडवणं एवढंच त्याचं काम. सायनस, कुत्रा-मांजर चावल्याची जखम, दाताचा पू, काही प्रकारचा न्यूमोनिया, इथे ही जोडी उत्तम चालते. गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. क्लॅव्युलॅनिक ॲसिड तेव्हा नीट शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. ‘गोळ्या गरम पडतात’ अशी जी तक्रार असते ती बरीचशी उपाशीपोटी घेतल्याची असते.

घसादुखीला ही पट्टी जवळजवळ नेहमीच चुकीची. बहुतेक घसे व्हायरसने धरतात. खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, मानेतल्या गाठी दुखतात, अशी चारही लक्षणं जुळली तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका घ्यायची. आणि गंमत अशी की या स्ट्रेप्टोकॉकसला बीटा-लॅक्टमेज बनवताच येत नाही. पेनिसिलिन निघून इतकी दशकं झाली, तरी तो त्याला आजही मरतो. त्याला साधं अमॉक्सिसिलिन पुरतं. म्हणजे घशासाठी ६२५ घेणारा माणूस क्लॅव्युलॅनिक ॲसिड फुकट खातो. आणि यकृताला त्रास देण्याबद्दल ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो घटक हाच.

आकडा सांगतो म्हणजे घबराट होणार नाही. आइसलँडमधल्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही जोडी घेणाऱ्या सुमारे २३५० जणांमागे एकाच्या यकृताला इजा झाली. साध्या अमॉक्सिसिलिनने असं फारच क्वचित होतं. धोका लहान आहे, पण पट्ट्या किती खपतात ते बघा. वय जास्त असलेल्यांत आणि पुरुषांत तो अधिक दिसतो. काही जनुकीय ठेवणींशीही त्याचा संबंध सापडला आहे. बहुतेकांना आराम पडतो, पण आठवडे जातात.

फसगत होते ती वेळेमुळे. कावीळ गोळ्या चालू असताना येईलच असं नाही. अनेकदा कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनीही, आधी अंगाला खाज सुटते, मग लघवी गडद होते, शौच फिकट होतं, डोळे पिवळे दिसतात. एवढ्या दिवसांनी घशाच्या चार गोळ्या कोणाला आठवतात? ‘बाहेरचं पाणी प्यायला असेल’ इथून सुरुवात होते. मग कोणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतं, गळ्यात माळ पडते, माळ लांबत जाते आणि कावीळ उतरते. ती उतरणारच होती. माळेने तसं नुकसान नाही, फक्त ज्यांची उतरणार नसते त्यांचे दिवस त्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे ‘लिव्हर साफ’ करायला सुरू केलेला काढा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतूनच झाली. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेच्या भारतीय नोंदवहीत १२८८ रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्के टीबीच्या औषधांमुळे, १४ टक्के आयुर्वेदिक वा तत्सम पर्यायी औषधांमुळे आणि साडेसहा टक्के इतर जंतुविरोधी औषधांमुळे आलेले होते. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा हिशेब तिथे चुकलेला दिसतो.

यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन, हे तिन्ही आकडे एकत्र पाहायचे. ६२५ च्या इजेत पित्ताचा प्रवाह तुंबल्याची खूण, म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं, जास्त दिसते. यकृताच्या पेशींनाच मार बसला असेल, एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं असेल, तर थांबायचं नाही. अशा रुग्णांपैकी दहातला एक वाचत नाही किंवा प्रत्यारोपणापर्यंत जातो, हा जुना आणि टिकलेला आडाखा आहे. डॉक्टरचा पहिला प्रश्न असेल, ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय घेतलंत?’

आणि उत्तर दुकानात राहिलेलं असतं. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला उमटवलेली असते. दुकानदार कापतो दुसऱ्या टोकाकडून. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, उरलेल्या पट्टीवर तारीख नसेल तर तो ती पुढे विकणार कशी? पण त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तो बिनतारखेचा, बिनबॅचचा, कधी अर्ध्या नावाचा तुकडा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या खपाच्या ब्रँडना क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो खोक्यावर असेल किंवा पट्टीच्या एकाच भागावर असेल तर तोही मागेच राहतो.

कात्रीचा दुसरा दोष पावसाळ्यात कळतो. क्लॅव्युलॅनिक ॲसिडला दमट हवा सोसत नाही, म्हणून या गोळ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत बंद असतात. कात्री खळग्याच्या अगदी कडेने गेली की कुठेतरी फट पडते आणि जुलैच्या हवेत उघडे वेफर्स सादळतात तशी गोळी सादळते: मऊ पडते, पिवळट-तपकिरी डाग धरते. अशी गोळी टाकून द्यायची. याच कारणाने ६२५ पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नये. घ्यायच्या वेळीच फोडावी.

तिसरी चूक अदलाबदलीची. ‘६२५ संपलीय, ३७५ च्या दोन घ्या’ हे काउंटरवर सहज ऐकू येण्यासारखं वाक्य. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होतं, पण क्लॅव्युलॅनिक ॲसिड २५०, नेमकं दुप्पट. जुलाबही वाढतात आणि यकृतावर नको तो भारही.

मुलांच्या सिरपमध्ये हाच घोळ दोन आकड्यांचा आहे. ५ मिलिलिटरमध्ये २२८.५ मिलिग्रॅमची बाटली वेगळी आणि ४५७ ची वेगळी. एकीच्या जागी दुसरी दिली आणि चमचा तोच ठेवला तर डोस अर्धा किंवा दुप्पट. भुकटी आधी हलवून मोकळी करायची, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत पाणी. फेसासकट खूण गाठली की पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. तयार बाटली फ्रिजमध्ये, सात दिवस, मग फेकायची. दुकानातच पाणी घालून मिळालं तर ते किती घातलं हे डोळ्यांनी बघावं.

आता त्या मथळ्याकडे. आतड्यातून निघणारं रक्त पोर्टल शिरेने थेट यकृतात जातं. यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग हाच. त्यामुळे आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदलली की यकृताला ते कळतं, इथपर्यंत वाद नाही. पुढे मात्र गोष्ट उलटी वळते. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात आतड्यातले जंतू अँटिबायोटिक्सने साफ केल्यावर यकृतातल्या गाठी कमी झाल्या. जंतूंच्या आवरणातलं विष यकृतात जाऊन गाठींना खतपाणी घालत होतं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी लठ्ठ उंदरांत एक पित्तआम्ल दोषी धरलं, जे आतड्यातले जंतूच बनवतात. तिथेही अँटिबायोटिक्सने गाठी घटल्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ‘सायन्स’ मध्ये यंत्रणा दाखवली: विशिष्ट जंतू गेले की मूळ पित्तआम्लं वाढतात, यकृतातल्या वाहिन्यांच्या पेशी एक बोलावणं धाडतात, आणि कर्करोगाला भिडणाऱ्या एनकेटी पेशी गोळा होतात. म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यात अँटिबायोटिकने गाठ वाढली नाही, आटली.

यावरून कोणी ६२५ चालू करू नये. त्या उंदरांना पाण्यातून जबर औषधांचं मिश्रण दिलं होतं, त्यांची पित्तआम्लं माणसापेक्षा वेगळी असतात, आणि माणूस पिंजऱ्यात राहत नाही. लोकलमध्ये तसं वाटलं तरी. माणसांत चित्र धूसर आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांत यकृताचा कर्करोग किंचित जास्त दिसला, पण जास्त कोर्स म्हणजे जास्त धोका अशी चढती पायरी स्पष्ट नव्हती. शिवाय यकृत आधीच बिघडलेल्या माणसाला संसर्ग जास्त होतात आणि अँटिबायोटिक्सही जास्त लागतात, तेव्हा आधी काय आणि मागून काय हे सोडवणं कठीण. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारा उपचार, चालू असताना अँटिबायोटिक घेतल्याने काय होतं यावरचे निकाल यकृताच्या कर्करोगात एकमेकांशी जुळत नाहीत. हा कर्करोग ज्यांच्यामुळे होतो ती नावं जुनीच आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेह-लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर, बुरशी धरलेल्या शेंगदाण्या-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष. सिरॉसिस (यकृत कायमचं आक्रसून कडक होणं) असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास सोबत एएफपी ही रक्ततपासणी करणं, हे मथळे वाचण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

तरी काउंटरचा आणि परळच्या कॅन्सर वॉर्डचा संबंध आहे, फक्त रस्ता वेगळा. यकृताचा कर्करोग झालेल्या बहुतेकांना सिरॉसिसही असतो, पोटात पाणी साठतं, त्या पाण्यात जंतू वाढतात. पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये २५० न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सापडले की उपचार लगेच सुरू करावे लागतात, आणि नेहमीचं पहिलं हत्यार म्हणजे सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रायॅक्सोन. ही दोन्ही सेफिक्झिमची सख्खी भावंडं. तापाच्या नावाखाली वर्षानुवर्षं सेफिक्झिम खाऊन आतड्यातला ई. कोलाय हा जंतू त्या कुळाला सरावला असेल, तर इंजेक्शन जातं आणि ताप उतरत नाही. मग कार्बापेनेमसारखी जड औषधं, जास्त दिवस, जास्त खर्च. तोवर गाठीची रक्तवाहिनी बंद करण्याचा ठरलेला उपचार पुढे ढकलला जातो, कारण संसर्ग असताना तो करत नाहीत. गाठ मात्र तारीख बघून थांबत नाही. ‘अँटिबायोटिकने कॅन्सर वाढतो’ हे वाक्य एवढ्याच आणि अशाच अर्थाने खरं धरायला आमची हरकत नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे. सिरॉसिसच्या अनेक रुग्णांना मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणून रिफॅक्झिमिन ५५० दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने चालू असतं. काहींना पोटातलं पाणी पुन्हा दूषित होऊ नये म्हणून नॉरफ्लॉक्सॅसिन. हीही अँटिबायोटिक्सच. घरातल्या कोणी मथळा वाचून ती बंद केली तर चार दिवसांत बाबा दिवस-रात्र विसरू लागतात, हात थरथरतात आणि शुद्ध हरपते. डॉक्टरने यकृतासाठी दिलेलं अँटिबायोटिक स्वतःहून थांबवायचं नाही.

बाकीचे काउंटर पटकन. दवाखान्यातली पुडी, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून दिलेल्या सुट्या गोळ्या, या बाबतीत मेडिकलपेक्षाही मागे: पांढरी गोल, पिवळी लांबट, अर्धी गुलाबी, नाव एकीचंही नाही. तिच्यात स्टेरॉइड आहे की निमेसुलाइड हे वेदनाशामक, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. “डॉक्टर, पुडीवर नावं लिहून द्याल का?” एवढं विचारायला संकोच नको. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळतं, नियम तेच. ॲपवाल्यांचं परीक्षण गमतीचं आहे. चिठ्ठी नसेल तर डॉक्टरचा फोन येतो, दोन-चार प्रश्न, की चिठ्ठी तयार; तपासणीच्या नावाने हे कागद रंगवणंच. पण अख्खी पट्टी येते, बिलावर बॅच असते आणि ऑर्डर वर्षभराने उघडली तरी सापडते. तीन आठवड्यांनी कावीळ आली तर ॲपची स्मरणशक्ती गल्लीतल्या काकांपेक्षा चांगली ठरते, हे कबूल करावं लागेल.

पावसाळ्यातलं डॉक्सिसायक्लिन हा मात्र खराखुरा अपवाद, आणि इथे महापालिकेची सूचना नेमकी आहे. साचलेल्या पाण्यातून एकदाच चालत गेलात, पायाला जखम नाही, तर लेप्टोस्पायरोसिस टाळायला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम असताना चाललात तर रोज २००, तीन दिवस. पुन्हा पुन्हा पाण्यात उतरणाऱ्यांना किंवा तिथेच काम करणाऱ्यांना आठवड्याला २००, सहा आठवडे. ७२ तासांच्या आत, डॉक्टरला विचारून. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे नाही, त्यांचं औषध वेगळं. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर आणि त्यानंतर अर्धा तास आडवं न होता. रात्री झोपता झोपता घोटभर पाण्याने गिळली की ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. दूध, ताक, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास लांब. ताप आधीच आला असेल तर हा डोस उपचार नव्हे. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांची तपासणी.

पाकिटात न मागता पडणाऱ्या दोन वस्तूंबद्दल: ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल आणि ‘पोट बिघडू नये म्हणून’ जंतूंची कॅप्सूल. पहिलं पाच दिवसांच्या कोर्सला बहुतेकांना लागत नाही. दुसऱ्याने अँटिबायोटिकचे जुलाब थोडे कमी होतात हे खरं, पण २०१८ मध्ये इस्रायली संशोधकांनी दाखवलं की कोर्सनंतर अशा कॅप्सूल घेतलेल्यांत स्वतःची मूळ जंतुवस्ती परतायला उलट जास्त वेळ लागला. ज्याला खायला आवडतं त्याने दहीभात खावा.

चांगलं मेडिकल ओळखायचं कसं? सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही शेड्यूल एच १ मधली, म्हणजे औषध नियमांतल्या जास्त कडक यादीतली. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांसाठी डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. यातलं काही घेतलं आणि नाव विचारलंच नाही, तर दुकान नापास. अझिथ्रोमायसिन आणि ६२५ मात्र साध्या शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठी हवी पण हे रजिस्टर नको. सगळ्यात जास्त सुटी विकली जाणारी दोन औषधं नेमकी या फटीतून निसटतात, आणि ती फट सरकारने बुजवावी असं आमचं स्पष्ट मत आहे. पट्टीवरची उभी लाल रेघ २०१६ च्या मोहिमेपासून लोकांना ठाऊक व्हायला हवी होती. किती जणांनी ती रेघ पाहून गोळी परत केली असेल, देव जाणे. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख पडलीच पाहिजे, कारण त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचं नसतं. शिक्का मारणारं दुकान सापडलं तर सोडू नका.

गुण द्यायचे तर: वेग पाचपैकी पाच, मालाची प्रत चार, किंमत साडेतीन, विचारपूस दीड, नोंद एक. विचारपुशीतला अर्धा गुण त्या मोजक्या जुन्या केमिस्टांसाठी, जे चष्म्यावरून बघत “किती दिवस ताप? दुसरं काही चालू आहे का? लिव्हरचा काही त्रास?” असं विचारतात आणि “आज फक्त पॅरासिटामोल न्या, परवा उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा” म्हणून गल्ल्यातला फायदा सोडतात.

चिठ्ठी असेल तर मागायचं एवढंच: चिठ्ठीतले दिवस भरतील इतक्या गोळ्या, शक्यतो अखंड पट्टी, आणि बॅच नंबर असलेलं बिल. ‘कोर्स’ म्हणजे नेहमीच मोठा असंही नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात त्वचेच्या संसर्गाला आणि घरी झालेल्या न्यूमोनियाला पाच दिवस सांगितले आहेत. पट्टी कापणारच असतील तर आधी तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यावा, तारखेच्या टोकासकट. पुढच्या दोन महिन्यांत खाज, पिवळेपणा किंवा गडद लघवी दिसली तर तो फोटो डॉक्टरला दाखवायचा, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवायचं. तिथे पहिल्या काही प्रश्नांतच बॅच नंबर विचारला जाऊ शकतो.